सिंधमधून आलेली गरोदर बाई आणि इंदूरचा सरकारी दवाखाना

आधार कार्ड नसेल तर सरकारी दवाखान्यात नाव घालतील का? सिंधमधून इंदूरला आलेल्या घरात कुणाला दिवस गेले की पहिला प्रश्न हाच निघतो. विचारायचं कुणाला हे ठरेपर्यंत चौथा महिना सरतो, मग पाचवा. कुणी सांगतं आधी व्हिसाचं होऊ दे, कुणी सांगतं खाजगीतच जा, उगाच चौकशी नको. आणि ज्या महिन्यांत रक्त तपासायला हवं होतं, ते महिने हातातून निघून जातात.

उत्तर थोडक्यात असं: उपचार मिळतो. तपासणी, प्रसूती, गरज पडली तर सिझेरियन, रक्त, औषधं, यांतलं काहीही नागरिकत्वावर अडलेलं नाही. कागदांवर अडतं ते खात्यात येणारं पैशांचं अनुदान. या दोन गोष्टी लोकांच्या डोक्यात एकमेकींत मिसळल्या आहेत. अनुदान मिळणार नाही असं कळलं की उपचारही मिळणार नाही, असं धरून चालतात. माझ्या मते या बायकांच्या बाळंतपणातला सगळ्यात मोठा धोका हा गैरसमजच आहे.

इंदूरला सिंधी माणूस नवा नाही. १९४७ च्या फाळणीनंतर आलेली कुटुंबं इथे कधीच रुजली. जयरामपूर कॉलनी, पालसीकर कॉलनी, सिंधी कॉलनी, द्वारकापुरी हे भाग सगळ्यांना ठाऊक आहेत. सुदामानगर-द्वारकापुरीकडे तर आपली मराठी घरं आणि त्यांची घरं एकाच गल्लीत आहेत. पण त्या जुन्या नात्याचा हात धरून पाकिस्तानातल्या सिंध प्रांतातून हिंदू कुटुंबं पुढेही येत राहिली, गेल्या वीस-पंचवीस वर्षांतही आली. मी लिहिते आहे ती यांच्या घरातल्या बायकांबद्दल. त्यांच्याकडे पाकिस्तानी पासपोर्ट असतो आणि भारताचा दीर्घ मुदतीचा व्हिसा असतो, ज्याला सगळे एलटीव्ही म्हणतात.

कायद्याचं थोडं समजून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. निर्वासितांसाठीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने सही केलेली नाही आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. वेगवेगळ्या गटांसाठी वेगवेगळी व्यवस्था चालते. तमिळनाडूत श्रीलंकेतून आलेल्या तमिळ लोकांच्या छावण्या आहेत, दिल्लीत अफगाण आणि म्यानमारच्या लोकांना संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित कार्यालयाचं कार्ड मिळतं, आणि पाकिस्तानातून आलेल्या अल्पसंख्याकांना एलटीव्ही. म्हणजे इंदूरची ही बाई कायद्याच्या नजरेत रीतसर परवानगीने राहणारी परदेशी नागरिक आहे.

तिला उपचाराचा हक्क येतो राज्यघटनेच्या २१ व्या कलमातून. जगण्याचा अधिकार देणारं हे कलम ‘नागरिक’ म्हणत नाही, ‘व्यक्ती’ म्हणतं. अरुणाचलमधल्या चकमा लोकांच्या प्रकरणात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की हे संरक्षण नागरिक नसलेल्यांनाही आहे. त्याआधी १९८९ च्या परमानंद कटारा प्रकरणात हेही ठरलं होतं की तातडीच्या वेळी जीव वाचवणं प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य आहे, मग दवाखाना सरकारी असो की खाजगी. कळा सुरू झालेल्या बाईला कागद नाहीत म्हणून परत पाठवता येत नाही.

१ जून २०११ पासून देशभर जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम चालतो. सरकारी संस्थेत बाळंत होणाऱ्या प्रत्येक बाईला त्यात प्रसूती मोफत, सिझेरियन मोफत, औषधं आणि तपासण्या मोफत, लागलं तर रक्त मोफत. साध्या प्रसूतीनंतर तीन दिवस आणि सिझेरियननंतर सात दिवस दवाखान्यातलं जेवण. घरून दवाखान्यात नेणारी आणि परत सोडणारी गाडी, आजारी नवजात बाळाचा उपचार, हेही त्यातच. १०८ ला फोन करताना कुणी पासपोर्ट विचारत नाही. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची मोफत तपासणी असते. चौथ्या महिन्यापासून पुढच्या प्रत्येक गरोदर बाईला त्या दिवशी डॉक्टर बघतात. ही योजना २०१६ ची आहे आणि ज्या घरांना कुठून सुरुवात करावी कळत नाही, त्यांना मी हाच दिवस सांगते. इंदूरमध्ये पी. सी. सेठी रुग्णालय आहे, महाराजा तुकोजीराव होळकर महिला रुग्णालय आहे, ज्याला सगळे एमटीएच म्हणतात, आणि गुंतागुंतीच्या केससाठी एम. वाय. हे मोठं सरकारी रुग्णालय आहेच.

आता अनुदान. जननी सुरक्षा योजनेत मध्यप्रदेशात शहरी बाईला १,००० आणि ग्रामीण बाईला १,४०० रुपये मिळतात. मातृ वंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये. राज्याची श्रमिक प्रसूती सहायता १६,००० रुपयांची आहे. या सगळ्यांना आधारशी जोडलेलं बँक खातं, समग्र आयडी (राज्याचा कुटुंब-ओळख क्रमांक), कुठे संबल कार्ड (असंघटित कामगारांचं), कुठे उत्पन्नाचा किंवा गरिबीचा दाखला, असं काही ना काही लागतं. एलटीव्हीवर राहणाऱ्यांना आधार, पॅन आणि बँक खातं काढायची मुभा २०१६ मध्ये केंद्र सरकारने दिली आहे, त्यामुळे काही घरांकडे हे कागद असतात. पण समग्र आयडी आणि पात्रतेच्या यादीत नाव बसवणं बऱ्याचदा जमत नाही. जमलं तर घ्यावं. नाही जमलं तर सोडून द्यावं, पण त्यासाठी तपासणी एक दिवसही थांबवू नये.

नोंदणीच्या टेबलावर मात्र थोडी तयारी लागते. समोरची नर्स अॅपमध्ये नाव भरते आणि अॅप आयडी मागतं. ती अडवायला बसलेली नसते, तिला रकाना भरायचा असतो. पासपोर्टची आणि एलटीव्हीची प्रत, भाडेकरार किंवा विजेचं बिल, नवऱ्याचा मोबाइल नंबर, इतकं एका पिशवीत ठेवलेलं बरं. सोनोग्राफीच्या ठिकाणी आधारच पाहिजे असं सांगतात, ते तसं नाही. गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखाली प्रत्येक गरोदर बाईचा फॉर्म भरावा लागतो आणि ओळख पटवावी लागते, ती पासपोर्टने पटते. तरीही कुणी ऐकत नसेल तर वाद घालत बसू नये. दवाखान्याच्या प्रमुखांना भेटावं, किंवा वस्तीतल्या आशाताईंना बरोबर न्यावं. आशाताई बरोबर असली की अर्धं काम तिथेच होतं, हा माझा अनुभव.

दवाखान्यात भरती झाल्यावर परदेशी रुग्णाची माहिती नोंदणी अधिकाऱ्याला कळवणं रुग्णालयावर बंधनकारक आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक कायद्यातही हे आहे. या गोष्टीची घरोघर फार धास्ती असते. पण ज्या बाईचा एलटीव्ही चालू आहे तिच्यासाठी ही नुसती नोंद आहे. ती इथे राहते हे त्या कार्यालयाला आधीच माहीत असतं. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले तेव्हाही हिंदू पाकिस्तानी नागरिकांचे एलटीव्ही कायम ठेवले होते. मुदत संपत आली असेल तर नूतनीकरणाचा अर्ज बाळंतपणाच्या आधी करावा. याचं आणखी एक मोठं कारण आहे, ते बाळाच्या कागदांशी येईलच.

आता वैद्यकीय बाजू. बाळंतपणात बाई दगावते ती मुख्यतः अति रक्तस्राव, वाढलेला रक्तदाब आणि झटके, आणि जंतुसंसर्ग यांनी. हे जगभर सारखंच आहे. उपायही माहीत आहेत: बाळ बाहेर आल्याबरोबर ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन, झटक्यांसाठी मॅग्नेशियम सल्फेट, वेळेवर रक्त. मग फरक कुठे पडतो? सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या दोघींनी १९९४ साली तो तीन उशिरांत मांडला: दवाखान्यात जायचं ठरवायला उशीर, पोचायला उशीर, पोचल्यावर उपचार सुरू व्हायला उशीर. इंदूरमध्ये पोचायला फारसा वेळ लागत नाही. निर्वासित बाईच्या बाबतीत पहिला आणि तिसरा उशीर मोठा असतो. ठरवायला उशीर भीतीमुळे. आणि उपचाराला उशीर, कारण समोरच्या डॉक्टरकडे तिची काहीच मागची माहिती नसते.

ही मागची माहिती किती महत्त्वाची, ते बघा. मागचं बाळंतपण सिझेरियन होतं का, आणि का केलं? रक्त किती गेलं होतं? बाळ किती वजनाचं होतं? पोटावर जुना व्रण असताना कळा घ्यायच्या की नाही हे त्यावर ठरतं. पुष्कळ घरं पाकिस्तानी दवाखान्याची फाईल दाखवायला कचरतात, काहींनी ती सामानात आणलेलीच नसते. पण तिकडचे डॉक्टरही बहुधा इंग्रजीतच लिहितात. इथला डॉक्टर ती चिठ्ठी सहज वाचू शकतो. ती फाईल नक्की दाखवावी. तिकडे कुणी नातेवाईक असतील तर मोबाइलवर फोटो मागवून घ्यावा. धनुर्वाताच्या लशीची नोंद नसेल तर काही बिघडत नाही, चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस नव्याने देतात.

रक्ताबद्दल मला जरा सविस्तर सांगायचं आहे, कारण इथे सिंधी समाजाचा एक खास प्रश्न आहे. आपल्या देशात सिंधी, पंजाबी, लोहाणा, भानुशाली अशा काही समाजांत बीटा थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे वाहक जास्त आढळतात. वाहक म्हणजे आजारी नव्हे. त्या माणसाला बहुधा आयुष्यभर कळतही नाही, फक्त हिमोग्लोबिन जरा कमी राहतं. पण नवरा-बायको दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर होण्याची शक्यता चारात एक असते. त्या मुलाला दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, आणि साठणारं लोह काढायची औषधं कायम घ्यावी लागतात. इथल्या जुन्या सिंधी घरांत आता लग्नाआधीच ही तपासणी करणारे बरेच आहेत. सीमेपलीकडून आलेल्या घरांपर्यंत ही माहिती तितकी पोचलेली नाही.

तपासणीचं नाव हिमोग्लोबिन ए-टू. साध्या रक्ततपासणीत लाल पेशी लहान दिसल्या की डॉक्टर ती करायला सांगतात. ए-टूचं प्रमाण ३.५ टक्क्यांच्या वर गेलं तर बाई वाहक असण्याची शक्यता असते, आणि मग लगेच नवऱ्याचं रक्त तपासायचं. दोघंही वाहक निघाले तर गर्भाची तपासणी करता येते, दहाव्या-अकराव्या आठवड्यानंतर वारेच्या नमुन्यातून किंवा सोळाव्या आठवड्यानंतर गर्भजलातून. निष्कर्ष यायला आणखी दिवस जातात. त्यानंतर काय करायचं हा निर्णय त्या जोडप्याचा. पण कायद्याने गर्भपाताला आठवड्यांची मर्यादा आहे, त्यामुळे विचार करायला वेळ हवा असेल तर सुरुवात दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात व्हायला हवी. पाचव्या महिन्यात पहिल्यांदा दवाखाना गाठणाऱ्या बाईच्या हातात हा वेळ उरतच नाही. म्हणून ‘व्हिसाचं होऊ दे, मग बघू’ हे वाक्य ऐकलं की मला राग येतो.

साधा रक्तक्षयही आहेच. गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ च्या खाली म्हणजे कमी, ७ च्या खाली म्हणजे गंभीर. लोहाच्या गोळ्या चौथ्या महिन्यापासून निदान १८० दिवस घ्यायच्या, सरकारी केंद्रात त्या फुकट मिळतात. गोळ्या नेमाने घेऊनही आकडा हलत नसेल तर पुन्हा थॅलेसेमियाकडे बघायचं. आणि रक्तगट. बाई आरएच निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल तर प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन लागतं, नाहीतर पुढच्या बाळाला धोका. मागच्या बाळंतपणात ते दिलं होतं का, हे विचारायलाच हवं.

एक अडचण आपल्या सहसा लक्षात येत नाही. या बायका बोलण्यातली हिंदी चांगली समजतात, पण शिकलेल्या असल्या तरी त्यांची सिंधी अरबी वळणाच्या लिपीतली असते. देवनागरी पाटी, जच्चा-बच्चा कार्डावरच्या धोक्याच्या खुणा, गोळ्यांच्या पाकिटावरची सूचना, हे त्यांना वाचता येत नाही. बाई मान डोलावते, नर्सला वाटतं समजलं. शेजारी म्हणून आपण करण्याजोगं पहिलं काम हेच: ते कार्ड तिच्यासमोर मोठ्याने वाचून दाखवायचं. पुढची तारीख कुठली, रक्तदाब किती निघाला, कोणती गोळी जेवणानंतर. यासाठी डॉक्टर असावं लागत नाही.

छावण्यांतल्या बाळंतपणाबद्दल जगात बरंच काम झालं आहे. संकट कोसळल्यापासून ४८ तासांच्या आत प्रसूतीसेवा उभी करायची, असा किमान सेवांचा एक संच १९९० च्या दशकात तयार झाला आणि तो आजही वापरतात; स्वच्छ प्लॅस्टिक, साबण, नाळ कापायला कोरं ब्लेड, नाळ बांधायला दोरा, इतक्या साध्या वस्तूंपासून त्यातला प्रसूतीचा संच सुरू होतो. थायलंड-म्यानमार सीमेवर १९८६ मध्ये सुरू झालेल्या शोक्लो मलेरिया संशोधन केंद्राने छावणीतल्या गरोदर बायकांचं रक्त दर आठवड्याला तपासायला घेतलं, आणि मलेरियाने होणारे मातांचे मृत्यू फार कमी झाले. यंत्रसामग्री तिथे मोठी नव्हती. बाई लवकर येत होती आणि पुन्हा पुन्हा येत होती. इंदूरमध्ये छावणी नाही, मोठमोठी रुग्णालयं आहेत, तरी कमी पडतं ते हे लवकर येणंच.

आणि माहेर. आपल्याकडे पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी येते, सव्वा महिना आई तिला उठू देत नाही, शेकशेगडी, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, रात्री बाळ रडलं तर आजी उठते. या बायकांचं माहेर सक्करला असतं, घोटकीला असतं, जेकबाबादला असतं. सीमेपलीकडे जाणारी थार एक्सप्रेस रेल्वे २०१९ पासून बंद आहे, २०२५ मध्ये अटारी सीमेवरचा रस्ताही बंद झाला. आई येऊ शकत नाही, मुलगी जाऊ शकत नाही. गेली तर परत येता येईल की नाही याची खात्री नसते. व्हिडिओ कॉलवर आई बाळ बघते आणि दोघी रडतात. सासू चांगली असली तरी ती स्वतःही नव्या शहरात भांबावलेली असते, नवरा कापडाच्या किंवा मोबाइलच्या दुकानात बारा तास उभा असतो.

बाळंतपणानंतरचं नैराश्य कुणालाही येऊ शकतं, पण एकटेपण, देश सोडल्याचं दुःख आणि उद्याची अनिश्चितता असेल तिथे ते जास्त दिसतं. पहिल्या आठवड्यात रडू येणं, चिडचिड होणं वेगळं. ते आपोआप ओसरतं. दोन आठवड्यांच्या पुढेही बाई उदास असेल, बाळाकडे बघावंसं वाटत नसेल, बाळ झोपलं तरी तिला झोप लागत नसेल, जगण्यात अर्थ नाही असं बोलत असेल, तर तो आजार आहे आणि त्याला उपचार आहे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या नंबरावर फुकट बोलता येतं. जीव द्यायचं बोलत असेल तर थेट दवाखान्यात न्यावं. शेजारणीने रोज अर्धा तास बाळ सांभाळलं, एक वाटी खीर नेऊन दिली, तर उपचाराची जागा भरून निघत नाही, पण तिला आधार वाटतो. हे आपल्या मराठी घरांना सांगावं लागू नये.

शरीराच्या धोक्याच्या खुणाही सहा आठवडे लक्षात ठेवायच्या: तासाभरात पॅड भिजून जाणं, जोराची डोकेदुखी आणि डोळ्यांपुढे अंधारी, ताप आणि दुर्गंधी असलेला स्राव, एका पायाला सूज आणि दुखणं. यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना.

राहिलं बाळ. जन्मल्यावर २४ तासांच्या आत कावीळ-बीची लस, बीसीजी आणि पोलिओचा पहिला डोस, हे दवाखान्यातच होतं आणि पुढच्या लशी अंगणवाडीत मोफत मिळतात. पोलिओचे डोस अजिबात चुकवू नयेत.

जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करायची. १९६९ च्या कायद्याने ती भारतात जन्मलेल्या प्रत्येक बाळाची होते, आईबाप कुठल्याही देशाचे असोत. सरकारी दवाखान्यात नोंद तिथूनच होते. आई-वडिलांच्या नावाचं स्पेलिंग पासपोर्टप्रमाणे अक्षर न् अक्षर जुळवून घ्यावं, मागाहून दुरुस्ती करताना फार हाल होतात. मात्र जन्मदाखला म्हणजे नागरिकत्व नव्हे. ३ डिसेंबर २००४ नंतर भारतात जन्मलेलं मूल जन्माने नागरिक होतं ते दोन्ही पालक भारतीय असतील तर, किंवा एक भारतीय असेल आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसेल तर. नवरा इंदूरचा भारतीय नागरिक आणि बायको एलटीव्हीवर, अशी लग्नं इथे पुष्कळ आहेत. तिथे प्रसूतीच्या दिवशी तिचा व्हिसा चालू असणं म्हणूनच इतकं महत्त्वाचं. व्हिसाची मुदत उलटून गेलेली असेल तर बाळाच्या नागरिकत्वावर प्रश्न उभा राहू शकतो. ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, जैन, बौद्ध, पारशी आणि ख्रिश्चन लोकांना २०१९ च्या दुरुस्तीने यातून सूट दिली आहे, त्याचे नियम ११ मार्च २०२४ ला आले. २०१४ नंतर आलेल्यांना ही सूट नाही.

आईबाप दोघंही पाकिस्तानी नागरिक असतील तर बाळ जन्माने भारतीय होत नाही. त्याच्या जन्माची माहिती परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात द्यायची आणि तिथे सांगतील त्याप्रमाणे त्याचे कागद करून घ्यायचे. पुढे आईबापांना नागरिकत्व मिळालं की अल्पवयीन मुलाची नोंदणी नागरिकत्व कायद्याच्या पाचव्या कलमाखाली करता येते. इंदूरच्या जिल्हाधिकाऱ्यांना पाकिस्तानातून आलेल्या अल्पसंख्याकांचे अर्ज निकाली काढायचे अधिकार डिसेंबर २०१६ मध्ये मिळाले, तेव्हापासून इथे अनेकांना प्रमाणपत्रं मिळाली आहेत. त्या अर्जाच्या वेळी बाळाचा जन्मदाखला, दवाखान्याचा डिस्चार्ज कागद आणि लसीकरणाचं कार्ड जपून ठेवलेलं असलं की काम सोपं होतं. तीनही कागदांच्या दोन-दोन प्रती काढून एक संच नातेवाइकांकडे ठेवावा.